फळ्यावर नसलेले घोडे

"डोळे मिटा! ज्याचा एक डोळा जरी उघडा राहिला, त्याच्यापायी या मुक्या जनावराचा पाय जाईल!"

हातवाल्या महाराजांचा आवाज तबेल्याच्या अंगणात घुमला आणि दोनशे-अडीचशे माणसांनी डोळे गच्च मिटून घेतले. त्यात दोन वकील होते, एक बँकेचा मॅनेजर होता, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे एक गृहस्थही होते. मीही मिटले. एरवी मी कुणाच्या सांगण्यावरून डोळे मिटणाऱ्यांतली नाही. पण ज्या घोड्याच्या पायाची बात चालली होती, त्या घोड्यावर रविवारी माझा धाकटा भाऊ बसणार होता. म्हटलं, उगाच कशाला? भीती अशीच येते. येताना ती स्वतःला भीती म्हणवत नाही, 'उगाच कशाला' म्हणते.

घोड्याचं नाव रानवारा. अंगणात आणला तेव्हा तो पुढच्या डाव्या पायाने लंगडत होता. पाय टेकला की मान वर जायची, उचलला की खाली यायची. महाराजांनी खुरापाशी गुडघे टेकले, खुराच्या वर एक ओलं पांढरं फडकं गुंडाळलं आणि त्यावर उजवा तळहात ठेवला. मग डोळे मिटायचा हुकूम सुटला. मिटल्या डोळ्यांनी मला एवढंच ऐकू आलं, की घोडा एकदा फुरफुरला आणि त्याचा पाय फरशीवर आपटला.

"आली! ऊब उतरली! उघडा डोळे!"

आणि मग प्रवचन. तळहातातून निघालेली ऊब नाडीत शिरते, नाडीतून हाडात, हाडातून थेट विश्वाच्या केंद्रात, तिथून परत येताना सोबत बळ घेऊन येते वगैरे वगैरे. ऊब एवढा प्रवास करून येणार म्हटल्यावर वेळ लागणारच, त्यामुळे प्रवचन चांगलं लांबलं. लोक माना डोलावत होते. भौतिकशास्त्रवाले सगळ्यांत जास्त.

"आता पळवा!"

घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने लगाम धरून रानवाऱ्याला दुडक्या चालीने नेलं. मान हलली नाही. पाय असा पडत होता की जणू तो कधी दुखलाच नव्हता. आणि मग जो गलका झाला तो विचारू नका. एका बाईने तर ते ओलं फडकं डोळ्यांना लावायला मागितलं. महाराजांनी ते लगबगीने स्वतःच्या खिशात घातलं.

मी काय करते ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई सकाळी सकाळी तबेल्यात कशाला? मी संध्याकाळच्या वर्तमानपत्रात घोड्यांच्या शर्यतींवर लिहिते. घोड्यांवर कमी आणि ट्रेनरांवर, म्हणजे घोडे तयार करणाऱ्यांवर, जास्त. कुणाचा हात लहान पल्ल्यावर बसलाय, कुणाला कोवळी शिंगरं कळतात, कोण लांब विश्रांतीनंतरही घोडा ताजा उतरवतो, हे मी निकालांच्या आकड्यांवरून काढते. पैसे लावणारे ते वाचून पैसे लावतात आणि हरले की मला शिव्या घालतात. माझं पोट त्यावर चालतं.

या तबेल्याचे ट्रेनर, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे, कसलेले होते. पण मधे दोन मालकांनी त्यांच्याकडचे घोडे काढून नेले आणि साहेबांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. नेमके त्याच सुमारास हातवाले महाराज उगवले. आता तबेल्याच्या फाटकाशी एक काळा फळा टांगलेला असायचा. त्यावर खडूने ठळक लिहिलेलं: 'हात ठेवलेले घोडे. धावले सोळा. जिंकले सात.'

या धंद्यात आठातला एक जिंकला तरी ट्रेनर मिशीला पीळ देतो. इथे जवळजवळ निम्मे! अंगारे-धुपारे म्हटले की नाक मुरडणारे लोकही त्या फळ्यापुढे गार व्हायचे. "आम्ही कुठे चमत्कार मानतो? आम्ही आकडा मानतो," असं वकिलांपैकी एकाने मलाच ऐकवलं. मी घरी जाऊन निकाल ताडून पाहिले. आकडा खरा होता. तेव्हा मी पहिल्यांदा गांगरले, कारण खोटं पकडायची मला सवय होती आणि इथे पकडायला खोटं सापडत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी भाऊ जेवायला माझ्याकडे आला. जॉकी माणूस, वजन वाढू नये म्हणून ताटात चिमणीएवढं वाढून घेतो. आईनंतर मीच त्याला वाढवला, त्यामुळे तो अजूनही मला जरा वचकून असतो.

"बारक्या, त्या घोड्यावर बसू नकोस," मी म्हटलं.

"का?"

"सकाळी लंगडत होता तो."

"आणि मग नव्हता! ताई, मी नंतर फिरवला ना त्याला. माझ्या मांडीखाली कळतं मला. लोण्यासारखा पळाला. तुझे कागद काय सांगतात ते तुझ्यापाशी ठेव."

"आणि गेल्या महिन्यात तुमचा तो उंच जॉकी पडला त्याचं काय? अजून पाठीवर पडून आहे बिचारा. त्याच्याही घोड्यावर हात ठेवलाच होता ना?"

"त्याच्या मनात शंका होती. महाराज म्हणाले, बसणाऱ्याच्या मनात शंका असली की ऊब उलटते." असं म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "तू माझ्या डोक्यात शंका घालू नकोस, ताई. पाया पडतो."

"कुठला घोडा होता तो? काजवाच ना?"

बारक्याने हातातला घास टाकला आणि टेबलावरून झेप घेऊन माझ्या तोंडावर हात दाबला. 

"गेलेल्याचं नाव घेऊ नको! शर्यत दोन दिवसांवर आलीय आणि तू नाव घेतेस?"

ही तबेल्यातली जुनी रीत. घोडा मेला, मोडला किंवा विकला गेला की त्याच दिवशी त्याच्या नावाची पाटी उतरवायची, जागा धुऊन तिथे नवा घोडा बांधायचा, आणि गेलेल्याचं नाव पुन्हा कुणी तोंडातून काढायचं नाही. काढलं तर पुढचा पडणारा तुमच्याच घरचा. मोतद्दारांपासून साहेबांपर्यंत सगळे ती पाळतात. लहानपणी मला ती रीत गोडही वाटायची, दुःख झाकायची एक तऱ्हा म्हणून.

बारक्या अर्ध्या जेवणावरून उठून गेला. मी त्याच्या ताटाकडे पाहत बसले आणि हळूहळू एक प्रश्न डोक्यात आला. जिथे गेलेल्याचं नाव घेणं पाप, तिथे गेलेल्यांची मोजदाद कोण करणार? फळ्यावर लिहिलं होतं धावले किती, जिंकले किती. हात किती घोड्यांवर ठेवला, हे कुठे लिहिलं होतं?

मी तशीच फाटकाशी गेले. फळा लिहिणारा महाराजांचा कारकून तिथे खडूची पूड झटकत होता.

"भाऊ, शर्यतीत मधेच पडलेला घोडा तुम्ही 'धावले'मध्ये धरता का हो?"

"तो पूर्ण धावला कुठे, ताई? तो धरत नाहीत," तो अगदी सरळपणे म्हणाला.

"आणि सरावात मोडलेला?"

"तो तर शर्यतीतच नव्हता!"

लबाडी करतोय असं त्याच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. मला वाटतं, त्यालाही कधी सुचलं नसेल.

मग ऑफिसात बसून मी सरळ उलट्या बाजूने सुरुवात केली. शर्यतींच्या छापील पुस्तिका कुठल्याही रद्दीवाल्याकडे मिळतात. त्यातून साहेबांच्या तबेल्यातले हंगामाच्या सुरुवातीचे घोडे काढले आणि आज कोण कोण उरलंय ते पाहिलं. हात ठेवायचे सोहळे वर्तमानपत्रात थाटात छापून यायचे, त्यामुळे हात कुणावर पडला आणि त्याचं दुखणं काय होतं, तेही मिळालं. रानवारा सोडून हात पडला होता सत्तावीस घोड्यांवर. अकरांचा पुढे मागमूस नव्हता.

आणखी एक गोष्ट केली. महाराज यायच्या आधीच्या हंगामांत, साहेबांनी विश्रांती देऊन परत उतरवलेले घोडे किती जिंकायचे ते काढलं. जवळजवळ निम्मे! म्हणजे फळ्यावरचा आकडा मुळात साहेबांचाच होता. हा माणूस घाई करत नाही, बारीकसारीक दुखणं पूर्ण बरं होईपर्यंत घोडा बांधून ठेवतो, हीच त्याची खरी ताकद. जिंकलेले सातही घोडे किरकोळ दुखण्याचे होते, विश्रांतीने बरे झालेले. मग हाताने नवीन काय केलं होतं? फक्त एकच. ज्यांना साहेबांनी पूर्वी कधीच मैदानात उतरवलं नसतं, असे खरे जायबंदी घोडे आता उतरत होते. नाहीसे झालेले अकराही त्यांतलेच.

रानवारा बारावा होणार होता. आणि त्याच्या पाठीवर माझा बारक्या.

एकच गोष्ट मला कळत नव्हती. ऊब खोटी, तर घोडा सकाळी चालला कसा? शनिवारी मी शर्यतीच्या मैदानावरच्या, घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या हात धूत होत्या. मी सगळं सांगितलं, तर त्या नळ बंद करायचंच विसरल्या.

"फडकं बांधल्यावर घोडा फुरफुरला म्हणालात?"

"हो. आणि पाय आपटला."

"आणि प्रवचन किती लांबलं?"

"अहो, संपतच नव्हतं."

"तेवढाच वेळ लागतो पाय बधिर व्हायला," त्या म्हणाल्या. "दात काढताना देतात तसलं औषध. खुराच्या वरच्या नसेशी बारीक सुई टोचली की खालचं काही कळत नाही. दुखणं जात नाही, नुसतं कळेनासं होतं. दुखतंय म्हणून घोडा तो पाय जपत असतो हो. बधिर घोडा चिरलेल्या हाडावर आख्खा भार टाकून भरधाव पळतो." त्यांनी नळ बंद केला. "आणि मग पळता पळता ते हाड मोडतं."

 लोण्यासारखा पळाला, असं बारक्या म्हणाला होता.

"मग तुम्ही थांबवा ना त्याला!"

"कशाच्या जोरावर? माझ्यासमोर तो सरळ चालतो. तबेल्यात मला साहेब येऊ देत नाहीत. रक्त तपासायचं तर नियमाने फक्त जिंकलेल्या घोड्याचं काढतात, आणि जिंकलेले सगळे साफ निघाले."

"कारण त्यांना सुईची गरजच नव्हती. सुईवाले जिंकायला पोचलेच नाहीत."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "शर्यतीआधी घोडे रिंगणात फिरवतात तेव्हा ते माझ्या अखत्यारीत येतात. तिथे कुणी उघड तक्रार केली तर मला तपासावंच लागतं. पण ती तिथे उभं राहून, सगळ्यांसमोर, तोंडाने करावी लागते. आजवर कुणी केली नाही."

त्या रात्री बारक्याला तीनदा फोन लावला. त्याने उचलला नाही.

रविवारी रिंगणाच्या कठड्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. खोगीर चढवायच्या आतल्या खोलीत महाराज घोड्यावर हात ठेवून आले होते आणि आता साहेबांशेजारी उभे राहून हसऱ्या चेहऱ्याने गर्दीचे नमस्कार घेत होते. रानवारा फिरत होता, सरळ, डौलात. वर बारक्या. पिवळी रेशमी बंडी, ओठ गच्च मिटलेले. मला पाहून त्याने मान फिरवली.

 लोक चिडतील याची भीती होती, पण खरी भीती त्याहून वेगळी होती आणि तिची मला लाज वाटत होती. समजा, मी चुकत असेन? मी बोलले आणि त्याच क्षणी हा पडला, तर? सगळा हिशोब डोक्यात पक्का असूनही मनात ते होतंच. तशीच मी कठड्याखालून आत शिरले.

"माझी तक्रार आहे. रानवाऱ्याचा पाय बधिर केलाय. डॉक्टरांनी तपासावा."

 मग शिट्ट्या, शिव्या. "बाहेर काढा तिला!" "आमचे पैसे लागलेत!" साहेब लालबुंद होऊन पुढे आले. महाराजांनी मात्र त्यांना हाताने थोपवलं आणि अगदी प्रेमळ आवाजात म्हणाले,

"बाई, वर तुमचाच भाऊ बसलाय ना? शंकेचं फळ बसणाऱ्याला मिळतं. घ्या मागे शब्द. अजून वेळ आहे."

बारक्याने लगाम गच्च धरला. तो पुटपुटला, "ताई, नको गं."

त्या 'नको गं'ने माझा धीर सुटायच्या ऐवजी डोकंच फिरलं. हा पोरगा लहानपणी पडवीतल्या अंधाराला घाबरायचा तेव्हा मी त्याचा हात धरून दिवा लावायला न्यायची. याला घाबरवून पैसे कमवता काय?

"साहेब," मी म्हटलं, "फळ्यावर सोळा लिहिलेत. हात ठेवला सत्तावीसांवर. उरलेले कुठे आहेत?"

"गप्प बसा!" साहेब ओरडले. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाबरलेपण होतं.

"तुम्ही कुणी नाव घेणार नाही. मी घेते. काजवा!"

कठड्याजवळचे मोतद्दार मागे सरकले. एकाने कानांवर हात ठेवले.

"बेफाम. पुनव. झुंजार. सावरी." माझा आवाज चिरकत होता. गर्दीतला गलका विझत विझत गेला. "धूमकेतू. गारपीट. लाडकी. तिरीप. वळीव. टिपूर." शेवटचं नाव घेतलं आणि मी डोळे मिटले नाहीत. भावाकडे बघत राहिले.

काही झालं नाही. रानवाऱ्याने शेपटीने माशी हाकलली. बारक्या खोगिरावर होता तिथेच होता.

डॉक्टरीणबाई कधी आत आल्या कळलंच नाही. त्यांनी पेनाच्या बोथट मागच्या टोकाने रानवाऱ्याच्या उजव्या पायाच्या टाचेवर, खुराच्या जरा वर, दाबलं. घोड्याने झटक्यात पाय उचलला. मग तेच डाव्या पायावर केलं. घोडा शांत. त्यांनी जोरात दाबलं. घोडा बँकेच्या मॅनेजरकडे बघत स्वस्थ उभा. पुन्हा उजवा, की पाय वर. पुन्हा डावा, की काही नाही. सगळ्यांना दिसेल अशा बेताने त्यांनी ते चार-पाच वेळा केलं. मग डाव्या पायावरचे केस बाजूला सारून ओल्या कापसाने पुसलं. कापसावर रक्ताचा ताजा ठिपका उमटला.

"महाराजांच्या खिशातलं फडकं बघता येईल का?" त्यांनी विचारलं.

महाराज म्हणाले, फडकं पवित्र आहे. महाराज म्हणाले, स्त्रीने हात लावायचा नसतो. मग महाराज काही न बोलता फाटकाकडे वळले. मैदानाच्या पहारेकऱ्यांनी त्यांना धरून फडकं खिशातून ओढलं तेव्हा त्याच्या घडीतून बोटाच्या पेराएवढी सुई आणि चपटी कुपी खाली पडली. विश्वाच्या केंद्रातून ऊब आणणारा हात खिशातून बाहेर यायला तयार नव्हता. पुढे चौकशीत निघालं, की ज्या घोड्यांवर लोक डोळे झाकून पैसे लावतील आणि जे हमखास हरतील, अशा घोड्यांसाठी पैजा घेणारा एक बुकी महाराजांना पैशांचं पाकीट पोचवायचा.

बारक्या खाली उतरला. सरळ माझ्याजवळ आला आणि माझा दंड धरून उभा राहिला.

साहेब त्या पायाकडे बघत होते. "माझ्याकडे काही उरलं नाही असं वाटलं होतं मला," ते कुणाला म्हणाले कोण जाणे. "म्हणून याला..."

"ते सात तुमचेच होते, साहेब," मी म्हटलं. "तुमच्या धीराचे. अकरा त्याचे."

संध्याकाळपर्यंत औषध उतरलं आणि रानवारा तीन पायांवर उभा राहिला. चौथा टेकवेचना. पायाचा एक्स-रे काढला तर हाडात उभी चीर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या वळणावरच मोडलं असतं. बारक्या तिथेच बसला होता. तो एकदम रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. मीही रडले. आम्हाला दोघांनाही लाज वाटली नाही.

निघताना फाटकाशी तो थबकला. फळ्याखालचा खडू त्याने उचलला. ओळींखाली उरलेल्या जागेत त्याने लिहिलं: 'गेले अकरा.' मग खाली एकेक नाव लिहायला लागला, आणि लिहिताना प्रत्येक नाव मोठ्याने उच्चारत होता. मोतद्दार लांब उभे होते. पाचव्या-सहाव्या नावाला एक म्हातारा मोतद्दार पुढे आला आणि म्हणाला, "लाडकी मी सांभाळली होती. तिचं नाव मी लिहू?"

तुम्ही शर्यतीला जात नसाल. चांगलं करता. पण आजारी माणसाला बरं करणारे, नोकरी लावून देणारे, मूल देणारे हात तुमच्याही गावात असतील, आणि त्यांच्याही दारात असा फळा असेल. बरे झालेले तिथे रांगेत उभे असतील आणि खरंच बरे झालेले असतील. त्यांना खोटं म्हणू नका. फक्त विचारा, या दारात आलेले सगळे किती? आणि जे आज इथे दिसत नाहीत, ते कुठे आहेत? विचारताना भीती वाटेल. मलाही वाटली होती. तरीही विचारा, आणि त्यांची नावं मोठ्याने घ्या.

माझा भाऊ आज रात्री माझ्याकडे जेवायला आहे. अजूनही चिमणीएवढंच वाढून घेतो.